घोसाळ्याची जाळी

खंडेनवमीच्या सकाळी उमाजी तोंड धुऊन पडवीत आला आणि खुंटीकडं बघतो तर जाळी गायब. काल उजेड असतानाच त्यानं ती रॉकेलमध्ये खळबळून धुतली होती, इंजिनाच्या तेलात बुडवली होती आणि जादा तेल निथळून जावं म्हणून खुंटीला टांगली होती. खाली फुलानं करवंटी ठेवली होती. करवंटी जागच्या जागी होती, तळाला काळं तेलही साचलं होतं.

"फुला, जाळी कुठं गेली?"

त्याची बायको चुलीपुढून उठून दारात आली. तिनं नुसती मान आतल्या खोलीकडं वळवली. सासूबद्दल काही सांगायचं असलं की ती मानेनंच सांगायची. तोंडानं सांगितलेलं नंतर अंगावर येतं, हे ती पहिल्या वर्षातच शिकली होती.

आत बायजानं घरातलं सगळं लोखंड पाटावर मांडलं होतं. नांगराचा फाळ, कोयते, कुऱ्हाड, विळी, ओंडके उलथायची थोरल्या लाडूची पहार. भोवती रांगोळी, झेंडूची फुलं. आणि मधोमध, मानाच्या जागी, लॉरीची जाळी. तेलकट तारांवर हळद-कुंकवाचा असा लगदा बसला होता की भोकं बुजून गेली होती. वर अक्षता चिकटल्या होत्या.

"आये, ह्ये काय करून ठेवलंस?"

"काय म्हंजे?" बायजा हात जोडून बसली होती, तशीच म्हणाली, "तुज्या गाडीचं कायतरी पुजाय नको व्हय? गाडी पडली तिकडं रानात. तिच्या अंगावरचं येवडंच घरात हुतं. तिच्यावर घर चालतंय आपलं."

उमाजीला हसावं की डोकं आपटावं कळेना. म्हातारीनं मायेनं केलं होतं, ते तर दिसतच होतं. मायेनं केलेल्या गोष्टीवर ओरडता येत नाही, हीच तर पंचाईत असते.

ही जाळी म्हणजे लॉरीचं नाक, इंजिनाच्या पत्र्याच्या डब्यात बसणारं. इंजिन जी हवा ओढतं ती आधी या तेलकट तारांतून जाते, धूळ तेलाला चिकटून राहते आणि हवा तेवढी आत जाते. गुंदच्या रानातला रस्ता लाल मातीचा. पावसाळा सरला आणि गाड्यांची ये-जा सुरू झाली की ती माती पिठासारखी उडते. खानापूरचा लाकूडवाला बाबुराव यानं ही लॉरी आणली तेव्हा तिला जाळीच नव्हती. पहिल्या महायुद्धात पलटणीनं वापरून टाकून दिलेलं धूड ते. इथल्या धुळीनं एका उन्हाळ्यात तिच्या इंजिनाची कानस लावल्यासारखी दशा केली. चढावर लॉरी धापा टाकायची, धूर ओकायची, आणि शेवटी बंदच पडली. अख्खा हंगाम ओंडके रानात पडून राहिले. बाबुरावनं तेव्हा सगळ्या हमालांदेखत उमाजीला सांगितलं होतं, "घाणीनं पुन्ना इंजिन बसलं तर हुबळीचा ड्रायव्हर आनतो. तू जा भावासंगं रेडे हाकाय."

त्यानंतर उमाजी बेळगावच्या मिस्त्रीकडं गेला आणि मोडीच्या ढिगातून त्यानं लॉरीसाठी गाळणी निवडली. दोन होत्या. एक लोकरीची, दिसायला नवीकोरी. दुसरी पितळी तारांची, एका अंगानं चेपलेली. उमाजीनं आधी लोकरीवर हात ठेवला. मिस्त्रीनं त्याचा हात उचलून तारांवर ठेवला.

"तुझं इंजिन म्हातारं हाय," मिस्त्री म्हणाला. "म्हातारं मधनंच उलटं खोकतंय. खोकलं की जाळ माघारी येतोय. तार त्येला अडवती. लोकर पेट घेती. ही घे. आठ दिसाला धू, तेलात बुडीव, निथळू दे. ओली चिप्प बसवू नको, कोरडीबी बसवू नको."

उमाजीनं ते इमानानं पाळलं. बाबुराव चारचौघांत टिंगल करायचा, "आमचा ड्रायव्हर इंजिनाला वारा गाळून पाजतोय! घरात पानी तर गाळून पितोय का इचारा!" हमाल हसायचे, उमाजीही हसायचा. पण लॉरी चढ चढायला लागली होती, आणि ते आपल्या जाळीमुळं, हे त्याला ठाऊक होतं. लॉरीच्या त्या फाटक्या सीटवर बसलं की त्याला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं. गुंदच्या कुणब्यांत चाक धरणारा तो एकटाच होता. ती सीट जाऊ नये म्हणून तो बाबुरावचं काहीही ऐकून घ्यायचा.

तो पाटापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "बरं, पुजलंस, चांगलं केलंस. उद्या दसऱ्याला उचलू. आज गाडी हालायची न्हाईच."

एवढ्यात लाडू आला. उमाजीचा थोरला भाऊ, रानातून चालत आलेला, अंगावर दहिवर. लॉरी यायच्या आधी लाडू रेड्यांच्या जोडीनं ओंडके ओढायचा. आता तोच ओंडके लॉरीवर चढवायचा आणि वर बसून सोबत जायचा. चढावर लॉरी थांबली तर चाकाखाली धोंडा लावायचं काम त्याचं. धाकट्याच्या हाताखाली काम करतो म्हणून लोक त्याला डिवचायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे, की वाटत असूनही तो दाखवत नसे, हे उमाजीनं कधी विचारलं नाही.

"मालक आलाय कुपात," लाडू म्हणाला. "सुप्यापल्याड टेशनात मालगाडीच्या वाघिणी लागल्यात म्हनं. आज माल गेला न्हाई तर वाघिणी दुसऱ्याला देत्यात. गाडीफुडं नारळ फोडला त्येनं. ड्रायव्हरला घिऊन ये म्हनला."

"आज खंडेनवमी हाय म्हनून सांगितलं न्हाईस?"

"त्येनंच सांगितलं मला. म्हनला, पूजा झाली, आता निगायचं."

उमाजीनं पाटावरच्या जाळीकडं हात नेला.

"हात लावू नको," बायजा म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "उद्या सोनं लुटल्याबिगर ह्यातलं कायबी हालायचं न्हाई."

"आये, जाळीबिगर गाडी कशी चालवू? धूळ आत गेली की इंजिन खलास."

"तुज्या बानं बी असंच कुराड उचलली हुती खंडेनवमीला. मालकाचं बोलावनं आलं म्हनून. सांजच्याला त्येला घोंगड्यात घालून आनला. तू पोटात हुतास. ह्यो लाडू बघत हुता, इचार त्येला."

लाडू उंबऱ्यावर बसून पायाचा काटा काढत होता. त्यानं वर बघितलं नाही.

उमाजीनं हात पुढं केला असता तर म्हातारीनं काही त्याचं मनगट धरलं नसतं. जाळी उचलायची, रॉकेलमध्ये धुवायची, पुन्हा तेल लावायचं. बाबुरावला थोडं ताटकळत ठेवायचं, इतकंच. पण न बघितलेल्या बापाचं घोंगडं उमाजीच्या डोळ्यांपुढं आलं. तो भ्याला. ड्रायव्हर झाला म्हणून माणसाची भीती काही सुटत नाही.

"चिंधी बांधू का डब्याला?" तो स्वतःशीच पुटपुटला. "चिंधी आत वडली जाईल. उगडंच ठेवलं तर धूळ..."

फुला मागल्या दारानं गेली आणि वळचणीला खोचलेली वाळकी घोसाळी घेऊन आली. भांडी घासायला जपून ठेवलेली, सोललेली, बिया झाडलेली. आतली जाळी पांढरीशुभ्र आणि ताठ.

"ह्ये चालंल का बगा," ती म्हणाली. "ह्यातनं पानी जातंय, राख अडती. तेल लावलं तर धूळबी अडंल."

उमाजीनं घोसाळं हातात घेऊन उजेडाकडं धरलं. तारांच्या जाळीत आणि यात फरक तरी काय, असं वाटावं इतकं ते सुबक होतं. लॉरीवरच्या पत्र्याच्या डब्यात दोन-तीन कोंबली तर घट्ट बसतील. मिस्त्रीचं बोलणं त्याला आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण मिस्त्री लोकर म्हणाला होता, घोसाळ्याचं नाव त्यानं काढलं नव्हतं, असं उमाजीनं मनाला सांगितलं. आणि एका दिवसात काय होतंय?

"शानी हाईस," तो फुलाला म्हणाला. फुला लाजली. नवऱ्यानं शहाणी म्हणावं असा प्रसंग तिच्या वाट्याला फार आला नव्हता.

कुपात, रानातल्या लाकूडतोडीच्या जागी, पोचले तर लॉरीच्या कपाळाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबं आणि पुढं नारळाचं पाणी सांडलेलं. बाबुराव धोतराचा सोगा हातात धरून येरझाऱ्या घालत होता.

"या, ड्रायव्हरसायेब! जाळी धुतली का आंगूळ घालून?"

हमाल हसले. उमाजी या वेळी हसला नाही. त्यानं बॉनेट उघडलं, घोसाळी तेलात बुडवून पिळली आणि डब्यात कोंबायला लागला. लाडू शेजारी येऊन उभा राहिला.

"ह्ये काय रं कोंबतोयस?"

"चालतंय आजच्या दिस."

"मिस्त्रीला इचारलं हुतंस?"

"अण्णा, तुला इंजिनातलं काय कळतंय? तू धोंडा घिऊन वर बस."

लाडू ओंडक्यांकडं वळला. पहारीशिवाय त्यानं खांद्यानं आणि वाशांनी ओंडके चढवले. पहार तर पाटावर होती. शेवटचा ओंडका चढवताना त्याचा पाय घसरला आणि गुडघा सोलला. रक्त त्यानं पाल्यानं पुसलं आणि साखळदंड आवळून तो वर बसला.

हँडल मारताच लॉरी सुरू झाली. उमाजीनं कान देऊन ऐकलं. आवाज नितळ होता. बाबुराव त्याच्या शेजारी सीटवर बसला, तपकीर ओढली आणि म्हणाला, "बगितलंस? देवाला नारळ दिला की चालतंय सगळं." गाडी सपाटीला लागली. मागं लाल धुरळा उठत होता, ऊन तापत होतं, आणि उमाजीला वाटलं, उगाच घाबरलो. मिस्त्रीला एकदा घोसाळं नेऊन दाखवायला पाहिजे, असंही त्याच्या मनात आलं.

चढ लागला तसं इंजिन जड झालं. अशा वेळी ठिणगीचा दांडा मागं घ्यावा लागतो, नाहीतर ठिणगी वेळेआधी पडून इंजिन उलटं खोकतं. उमाजी ते झोपेतसुद्धा करील. पण नेमकं बाबुराव वाघिणींबद्दल काहीतरी विचारत होता, आणि विचारणाऱ्या मालकाकडं बघून उत्तर द्यावं लागतं. दांडा मागं घ्यायला उशीर झाला. इंजिन एकदा खोकलं. उमाजीनं झटकन दांड्याला हात घातला, तोवर दुसऱ्यांदा खोकलं, आणि बॉनेटच्या फटीतून निळसर धूर आला.

मग धूर काळा झाला.

"आग!" बाबुराव ओरडला आणि धोतर सावरत उडी मारून खाली पळाला, तो थेट वळणापर्यंत. उमाजीनं ब्रेकवर सगळं वजन टाकलं. ओंडक्यांच्या भारानं लॉरी मागं सरकायला लागली. सोडला ब्रेक तर गाडी दरीत, धरला तर पुढ्यात इंजिन पेटलेलं. तो तसाच उभ्यानं ब्रेक दाबून राहिला आणि त्याच्या तोंडून एकच हाक निघाली, "अण्णा!"

लाडू आधीच खाली उतरला होता. त्यानं चाकाखाली धोंडा सारला, लॉरी त्यावर टेकून थांबली. मग तो पुढं धावला, तापलेलं बॉनेट नुसत्या हातानं उचललं आणि पेटती घोसाळी डब्यातून ओढून काढायला लागला. तेलानं भिजलेली ती, विझता विझेनात. जळतं तेल बोटांवरून कोपरापर्यंत ओघळलं. पेट्रोलची नळी तिथून वीतभर अंतरावर. एक, मग दुसरं, मग तळाशी चिकटलेला कोळसा, सगळं त्यानं उपसून रस्त्याकडेला फेकलं आणि ओंजळीनं माती भरून इंजिनावर टाकली. उमाजी खाली आला तेव्हा तो दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभा होता. कातडी सुटून मनगटाशी लोंबत होती.

रस्त्याकडेला बांबूच्या बेटाखाली वाळका पाला होता, तो पेटला. उमाजीनं फांदी तोडून झोडपून झोडपून तो विझवला. फार नाही, अंगणाएवढी जागा काळी झाली, बांबू करपले. पण राखीव रानातली आग लहान म्हणून सुटत नाही. धूर बघून नाक्यावरचा जंगलखात्याचा नागू गार्ड खालून येताना दिसायला लागला.

आता बाबुराव परत आला. त्यानं इंजिन बघितलं, ठिणगीच्या तारा जळल्या होत्या, बाकी शाबूत होतं. मग त्यानं उमाजीला लॉरीच्या आडोशाला घेतलं. लाडू तिथून दहा हातांवर बसला होता.

"हे बग, मी काय म्हंतो ते ऐक. गाडीतनं आग निगाली म्हनालास तर गाडीची रानातली परवानगी जाती. गाडी गेली की तू गेलास. गाडी दुरुस्त हुतीया, चार दिसांत चालू हुती. मानसाच्या हातनं आग लागली, तर त्यो मानूस तेवडा रानाभायेर."

"कुनाच्या हातनं?"

बाबुरावनं बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं.

"त्येचे हात तर भाजल्यातच," तो म्हणाला. "महिना दोन महिने त्येला तसंबी काम न्हाई."

उमाजीच्या मनात आलं, याच्या तोंडावर थुंकावं. आलं ते मनातच राहिलं. नागू गार्ड समोर येऊन उभा होता, घामानं भिजलेला, चिडलेला.

"यारु? कुनी लावली आग?"

गार्ड या भागात वाढलेला, सगळ्यांना नावानं ओळखणारा. तो उमाजीकडं वळला.

"उमाजी, निज हेळु. खरं सांग. गाडीतनं निगाली का?"

उमाजीला एकच शब्द बोलायचा होता, व्हय. त्यानं लॉरीकडं बघितलं. माळेतली झेंडूची फुलं धगीनं काळी पडली होती, सीटचं फाटकं कातडं उन्हात चकाकत होतं.

"मी फुडं बगत हुतो," तो म्हणाला.

"आनि मागं कोन हुतं?"

"अण्णा."

खोटं तो एक अक्षरही बोलला नव्हता. तरी बोलल्यावर त्याला भावाकडं बघवेना. तो जमिनीकडं बघत राहिला, आणि लाडू आपल्याकडं बघतोय हे त्याला न बघता कळत होतं.

"बिडी हुती माजी," लाडू म्हणाला.

नागू गार्डनं त्याचे हात बघितले, मग लॉरी, मग बाबुराव. लाडूनं जन्मात बिडी ओठाला लावली नव्हती. शेकोटीचा धूर नाकात गेला तरी तो उठून लांब बसायचा. नागूला हे ठाऊक असणारच.

"तू बिडी वडतोस?"

"व्हय."

गार्डनं टोपी काढून घाम पुसला. "उद्या सुप्याला चौकीत ये. आनि हितनं फुडं रानात पाय ठेवायचा न्हाई. लाकडाला न्हाई, मधाला न्हाई, रेडे चारायबी न्हाई. दिसलास तर बांदून नेईन."

"बरं," लाडू म्हणाला. जणू कुणी त्याला गाडीवर वर बस म्हणून सांगितलं होतं.

रानाबाहेर म्हणजे कुठं, हे विचारायची सोय नव्हती. गुंदला घराच्या मागल्या दारातूनच रान सुरू होतं.

दोघे भाऊ चालत घरी आले. वाटेत उमाजी दोनदा म्हणाला, "अण्णा," आणि दोन्ही वेळा लाडूनं विचारलं, "काय रं?" आणि उमाजीनं वाटेवर आलेली फांदी त्याच्यासाठी नुसती बाजूला धरली. लाडूचे हात वर धरून धरून खांदे भरून आले होते, म्हणून शेवटच्या चढणीला उमाजीनं मागून त्याचे कोपर उचलून धरले.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. धूर बघून मागून धावत आलेल्या हमालांनी सांगितली होती, बिडीसकट. बायजानं चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून ठेवलं होतं. तिनं थोरल्याच्या हातांना लेप लावला, केळीच्या कोवळ्या पानात गुंडाळले आणि वर मऊ लुगड्याचा पट्टा बांधला. दुखलं तेव्हा लाडू तिच्या खांद्याला डोकं लावून बसला.

फुलानं उमाजीला न्हाणीपाशी गाठलं.

"आवं, ती घोसाळी?"

"जळाली."

फुलाचा हात तोंडाकडं गेला. सगळं तिच्या ध्यानात आलं, आणि ती आत जाऊन ताटं वाढायला लागली. तिला रडू येत होतं, पण कशाला रडते म्हणून सासूनं विचारलं असतं.

दिवस अजून मावळायचा होता. सणाचं जेवण होतं, तांदळाची खीर होती. लाडूला हातानं जेवता येणार नव्हतं, म्हणून उमाजी त्याच्यापुढं बसून त्याला भरवायला लागला. लहानपणी लाडूनं त्याला असंच भरवलं होतं, ते त्याला आठवत नव्हतं, पण बायजा नेहमी सांगायची. आज ती ते बोलली नाही. ती खांबाला टेकून बसली होती आणि तिचा सगळा राग आता बाहेर येत होता.

"मी हितं सकाळपास्नं लोखंड पुजत बसलेय," ती म्हणाली, "आनि ह्येनं खंडेनवमीच्या दिवशी गाडीवर बसून बिडी पेटवली. धाकट्याची गाडी जाळाय निगाला हुता! बापाला रानानं खाल्लं, ह्येला रानानं भायेर घातलं. लाज वाटू दे रं जरा. त्यो बग, तरी तुला भरवतोय."

उमाजीचा हात थांबला. आता सांगावं. आत्ता, ताटावर बसल्या बसल्या. फुला चुलीपाशी पाठमोरी उभी होती, तिचीही हालचाल थांबली होती. लाडूनं त्याच्याकडं बघितलं आणि घासासाठी तोंड उघडलं. उमाजीनं घास त्याच्या तोंडात घातला.

"कदीपास्नं वडाय लागलास?" बायजानं विचारलं. "मला कसं कळलं न्हाई?"

लाडूनं घास चावून गिळला.

"आजपास्नं, आये," तो म्हणाला.